बी.कॉम. झालं, ऑडिटमध्ये फ्रेशर म्हणून लागायचंय, तयारी नेमकी कशाची करू? (सोलापूर)

सुताची_गुंडी
नमस्कार मंडळी. यंदा आपल्या सोलापूर विद्यापीठातून बी.कॉम. झालं, ६१ टक्के. बाबा टॉवेलच्या कारखान्यात जॉबर (माग चालू ठेवणारे, दुरुस्त करणारे) आहेत, आमच्या घरात ऑफिसात काम केलेलं कुणीच नाही त्यामुळे विचारायचं कुणाला हाच प्रश्न आहे. पुण्यातल्या एका मोठ्या ऑडिट फर्ममध्ये ऑडिट असिस्टंटच्या पोस्टसाठी ऑनलाइन अ‍ॅप्टिट्यूड क्लिअर झालीय, आता एक्सेल टेस्ट आणि इंटरव्ह्यू राहिलाय, तारीख कळवतो म्हणाले, दोन-तीन आठवडे हातात असतील. दुसरीकडे सात रस्त्याजवळ एका सीएंच्या ऑफिसात ‘ये, बस, शीक’ असं बोलणं झालंय पण पगार म्हणजे तोंडाला पानं पुसल्यासारखा. आणि तिसरं म्हणजे एक क्लासवाले रोज फोन करतायत, ‘प्रॅक्टिकल ऑडिट कोर्स’ २५ हजार, सर्टिफिकेटसकट. कॉलेजात ऑडिटिंग विषय होता, पण वर्गात कुणी एक व्हाउचर (खर्चाचा कागद) आणून दाखवलं नाही, व्हाउचिंग आणि व्हेरिफिकेशनमधला फरक मात्र झोपेत सांगेन. तर या दिवसांत करू काय? आणि क्लास लावू का?

कडक_भाकरी
पहिली तयारी घरच्यांची करून घे. सप्टेंबर लागला की ३० तारखेपर्यंत, टॅक्स ऑडिटच्या मुदतीपायी, पोरगी घरात नाही असं समजा म्हणावं. बाकी माहीतगार येतीलच.

लेजर_काका
अभिनंदन पोरी. माझा जन्म आधी नवी पेठेतल्या आणि मग रेल्वे लाइन्समधल्या सीए ऑफिसांत गेला. मी स्वतः सीए नाही, असिस्टंट म्हणूनच राहिलो, त्यामुळे जे सांगतो ते खालच्या टेबलावरचं सांगतो.

पहिलं वर्षभर तुझं मत कुणी विचारणार नाही. कामं असतात व्हाउचिंग (नोंद आणि तिचा कागद लावून बघणं), लेजर स्क्रूटिनी (खातं ओळीनं चाळणं), बँक रिकन्सिलिएशन (आपलं बँक खातं बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवणं), येण्या-देण्याच्या बाक्यांची कन्फर्मेशन पत्रं, स्टॉकची मोजणी. सगळ्याचं मूळ एकच. पुस्तकातला आकडा धरायचा आणि तो ज्या कागदातून आला तिथपर्यंत मागं जायचं, किंवा उलटं, गेट रजिस्टरमधली नोंद धरायची आणि ती पुस्तकात उतरली का ते बघायचं. पहिल्या रस्त्यात खोटी नोंद सापडते, दुसऱ्यात मुद्दाम गाळलेली. खर्च फुगवलाय असा संशय असेल तर पहिला रस्ता, विक्री दडवलीय असा संशय असेल तर दुसरा. एवढं ज्याच्या डोक्यात बसलं त्याला इंटरव्ह्यूत कुठूनही विचारा.

आता कागद बघायचा म्हणजे काय ते सांगतो. एका ठिकाणी हमालीची व्हाउचरं होती. ९,८००, ९,५००, ९,७००, असंच वर्षभर. एका माणसाला एका दिवशी रोखीनं दहा हजारांच्या वर दिले तर आयकरात तो खर्च धरत नाहीत, म्हणून दहाच्या आत ठेवलेले, हे कुणीही ओळखेल. पण मजा पुढं होती. तारखा एप्रिल ते फेब्रुवारी आणि पावतीपुस्तकाचे नंबर ओळीनं एकामागं एक, मधे दुसऱ्या कसल्याच खर्चाची पावती नाही. शाई एक. पाच हजारांच्या वरच्या पावतीला रुपयाचं रेव्हेन्यू स्टँप लागतं, ते सगळ्यांवर एकाच कोनात चिकटवलेलं. आणि वर्षभर हमालाच्या हातातून फिरलेला एकही कागद चुरगळलेला नाही! बसून एका दुपारी लिहिलेलं पुस्तक होतं ते. यातलं काहीच टॅली सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर दिसत नाही, तिथं सगळ्या एंट्र्या देखण्या.

क्लासचं म्हणशील तर २५ हजारांत बाबांना नवा फोन घेऊन दे.

शेंगाचटणी_मारके
काका, रेव्हेन्यू स्टँपचा कोन बघणारा माणूस जावई म्हणून नको ओ बाबा.

पुण्यात_अडकलेला
मी मूळचा जुळे सोलापूरचा, पुण्यात अशाच फर्ममध्ये आहे, कुठल्या ते विचारू नका. काकांचं शंभर टक्के पटतं पण पुण्यातल्या या पोस्टचं काम थोडं वेगळं असतं, म्हणून @सुताची_गुंडी तुझ्यासाठी सविस्तर.

बऱ्याच ठिकाणी ही टीम परदेशातल्या क्लायंटच्या ऑडिटला मदत करते. कागद स्कॅन होऊन येतात, तू ते सॉफ्टवेअरमध्ये टेस्ट करून वर्कपेपर बनवतेस. म्हणजे कोणता सॅम्पल घेतला, का घेतला, काय तपासलं, काय सापडलं, हे असं लिहायचं की तिसऱ्या माणसानं तुला फोन न करता वाचून समजून घ्यावं. ऑडिटिंग स्टँडर्ड २३० मध्ये हेच आहे, डॉक्युमेंटेशन. फ्रेशर लोकांचं काम परत येतं ते बहुतेक इथं, तपासलेलं असतं पण लिहिलेलं नसतं, आणि जे लिहिलं नाही ते केलंच नाही असं धरतात.

एक्सेल टेस्टमध्ये फॉर्म्युल्यांची नावं विचारत नाहीत. दोन शीट देतात, एक व्हेंडर लेजर, एक बँक स्टेटमेंट, आणि जुळवा म्हणतात. त्यात घाण मुद्दाम घातलेली असते, आकडे टेक्स्ट म्हणून सेव्ह केलेले, इन्व्हॉइस नंबरच्या मागं स्पेस, एका शीटमध्ये ‘००१२’ दुसरीत ‘१२’, तारखा एकीकडे महिना आधी एकीकडे दिवस आधी. ट्रिम, व्हॅल्यू, टेक्स्ट टू कॉलम्स, एक्सलुकअप, सम-इफ्स, पिव्होट, डुप्लिकेट शोधणं, एवढ्यावर हात बसव, मॅक्रोच्या नादी लागू नको.

इंटरव्ह्यूत हमखास: परचेस तपासायचं म्हणजे काय काय कागद मागशील (पर्चेस ऑर्डर, माल आल्याची नोंद म्हणजे जीआरएन, आणि बिल, तिन्हीतली संख्या आणि दर जुळतात का), प्रोव्हिजन आणि रिझर्व्हमधला फरक, मशिनची दुरुस्ती खर्चात टाकायची की मालमत्तेत, कटऑफ (व्यवहार कुठल्या वर्षात धरायचा) म्हणजे काय, मटेरियलिटी (किती मोठी चूक महत्त्वाची धरायची). आणि एक प्रश्न असा असतोच की सीनियर म्हणाला साइन करून टाक, आणि तुला कागद दिसला नाही, तर काय करशील.

नवखा_टॅली
दादा, या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर काय द्यायचं??

पुण्यात_अडकलेला
कागद मागायचा, नाही मिळाला तर ‘मिळाला नाही’ असं वर्कपेपरमध्ये लिहायचं आणि मॅनेजरच्या कानावर घालायचं. भाषण द्यायचं नाही.

इंटर_दे_आधी
सगळे सल्ले छान आहेत पण मूळ मुद्दा कुणी बोलत नाही. ६१ टक्के आहेत ना? कॉमर्स ग्रॅज्युएटला ५५ टक्क्यांवर सीएला डायरेक्ट एंट्री मिळते, फाउंडेशन ही पहिली परीक्षा द्यावी लागत नाही. नवीन स्कीममध्ये इंटरमीडिएटचे दोन्ही ग्रुप काढले की आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) फक्त दोन वर्षं, आधी तीन होती. इंटर आता वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे, सप्टेंबर. ऑडिट असिस्टंट म्हणून लागलीस की पाच वर्षांनी पण सही दुसऱ्याचीच असणार. कंपनीच्या ऑडिट रिपोर्टवर सही सीएची लागते, बाकी सगळे हमाल.

लेजर_काका
हमाल हा शब्द जपून वापर बाळ. वर हमालीच्याच व्हाउचरचं चाललंय.

तयारी_चालूच
@इंटर_दे_आधी म्हणजे ज्याच्या घरी दर महिन्याला पगार लागतो त्यानं काय करायचं? आर्टिकलशिपच्या स्टायपेंडमध्ये पुण्याच्या कॉटबेसिसचं भाडं निघतं का ते सांगा आधी. आणि आर्टिकलशिप चालू असताना दुसरी नोकरी करता येत नाही.

तिसरा रस्ता मी सांगतो, एसएससी सीजीएल, केंद्र सरकारची भरती परीक्षा. कॅगच्या खात्यात असिस्टंट ऑडिट ऑफिसर, लेव्हल ८, बेसिक ४७,६००, आणि ऑडिटर लेव्हल ५, बेसिक २९,२००. कुठल्याही शाखेची डिग्री चालते. आपल्या राज्यातही स्थानिक निधी लेखापरीक्षा, लेखा व कोषागारे अशी खाती आहेत, झेडपी आणि नगरपालिकांची ऑडिटं स्थानिक निधीवाले करतात. पार्क चौकातल्या अभ्यासिकेत निम्मी पोरं याच्यामागं आहेत.

कडक_भाकरी
आणि त्या निम्म्यांतली निम्मी चहाच्या टपरीवर आहेत. तू कुठल्या निम्म्यात?

तयारी_चालूच
सध्या टपरीवर. तिथूनच टाइप करतोय.

इंटर_दे_आधी
घरच्या परिस्थितीचा मुद्दा मान्य. मग निदान असं कर, नोकरी धर आणि सीए इन्स्टिट्यूटचं इंटरचं स्टडी मटेरियल फुकट ऑनलाइन आहे, त्यातला पेपर ५ ‘ऑडिटिंग अँड एथिक्स’ डाउनलोड कर. २५ हजारांच्या कोर्समध्ये शिकवून शिकवून त्यातलंच शिकवणार. सगळं नको वाचू, ऑडिट एव्हिडन्स, रिस्क असेसमेंट, सॅम्पलिंग आणि ‘ऑडिट ऑफ आयटम्स ऑफ फायनान्शियल स्टेटमेंट्स’ हा मोठा चॅप्टर, एवढं वाच. आणि वाचताना प्रत्येक खात्याला विचार, हे खोटं असेल तर कुठल्या बाजूनं खोटं असेल.

ओ_नमुना
मी सहकारी संस्थांची ऑडिटं करते, जीडीसीए (सहकार आणि हिशोबाचा सरकारी डिप्लोमा) करून पॅनलवर, म्हणजे ऑडिटरांच्या सरकारी यादीवर आले. इथं सगळे पुण्याकडं तोंड करून बसलेत म्हणून लिहिते. सोलापूर जिल्ह्यात पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायट्या, साखर कारखाने, यंत्रमागाच्या संस्था इतक्या आहेत की शिकायला जागा कमी पडणार नाही. सहकार कायद्यानं आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत ऑडिट व्हायला लागतं, त्यामुळे एप्रिल ते जुलै आम्हाला हाताखाली माणसं हवीच असतात. जीडीसीएची परीक्षा कुठल्याही ग्रॅज्युएटला देता येते.

पतसंस्थेत काय शिकायला मिळतं ते सांगते. पिग्मी. एजंट रोज दुकानादुकानांतून पैसे गोळा करतो, संस्थेच्या संगणकात सगळं जुळलेलं असतं, जुळणारच, कारण भरणारा पण एजंट आणि सांगणारा पण एजंट. म्हणून आम्ही खातेदारांची यादी काढतो आणि न सांगता बाजारात जातो. भांड्याचं दुकान, टेलर, वडापावचा गाडा, प्रत्येकाचं पासबुक हातात घेऊन बाकी लिहून घ्यायची आणि संध्याकाळी लेजरशी लावायची. एका टेलरमामांच्या पासबुकात सतरा हजारांच्या आसपास बाकी होती आणि संस्थेच्या लेजरमध्ये त्याच खात्यात चार हजार. मधले पैसे एजंटानं ‘खातेदारानं काढले’ म्हणून दाखवले होते, विड्रॉल स्लिपवर सही पण होती. मामांना सही येतच नव्हती, ते अंगठा लावायचे.

हे ऑफिसात बसून कधी सापडलं असतं? नंतर दोषदुरुस्ती अहवाल, ओ नमुना, तो संस्थेनं द्यायचा असतो, आणि त्यात गुळमुळीत भाषेत ‘यापुढे दक्षता घेऊ’ लिहून येतं, ते वेगळं दुखणं.

शेंगाचटणी_मारके
म्हणून तुमचं नाव ओ नमुना होय. मला वाटलं तुम्ही नवऱ्याला हाक मारताय.

थप्पी_नंबर_सात
ओ नमुना ताईंच्या प्रतिसादावरून आठवलं, मी कारखान्यांच्या स्टॉक ऑडिटला जायचो. साखरेचं गोदाम म्हणजे ५० किलोच्या पोत्यांच्या थप्प्या, छतापर्यंत. मोजणी सोपी वाटते, लांबीला किती पोती, रुंदीला किती, उंचीला किती थर, गुणाकार करा. खाली उभं राहून सगळे हेच करतात. आमच्या सीनियरचा नियम होता की वर चढल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. का, तर बाहेरनं चारी भिंती भरलेल्या आणि मधे पोकळ, असं होऊ शकतं, आणि ती साखर बँकेकडं माल तारण असते. उन्हाळ्यात पत्र्याखाली वर चढलात की घामानं पोतं ओलं होतं, पण मधला खड्डा वरनंच दिसतो. मळीची टाकी असेल तर डिप घ्यायची, पट्टी आत सोडून किती इंचापर्यंत ओली झाली ते बघायचं आणि टाकीच्या तक्त्यावरून टन काढायचे.

@सुताची_गुंडी तुझ्या बाबांना विचार कारखान्यात सूत आणि टॉवेल कसे मोजतात. नगावर की वजनावर, बीमवर (मागाच्या रोलरवर) चढलेलं सूत स्टॉकमध्ये कसं धरतात, डाइंगला बाहेर पाठवलेलं कुणाच्या हिशोबात असतं. इंटरव्ह्यूत ‘इन्व्हेंटरी कशी तपासशील’ विचारलं की पुस्तकातलं उत्तर सगळेच देतील, तू अर्धवट तयार मालाचं बोल, समोरचा सरळ होऊन बसेल.

नवखा_टॅली
पण एआय आल्यावर ही ज्युनियरची कामं राहणारेत का? परवा एक व्हिडिओ बघितला, एका क्लिकवर दहा हजार व्हाउचर चेक.

थप्पी_नंबर_सात
थप्पीवर चढणार का तो?

पुण्यात_अडकलेला
चेष्टा बाजूला, जुळवाजुळवीचं काम खरंच कमी होतंय. आधी सॅम्पल घ्यायचो तिथं आता सगळ्या एंट्र्या सॉफ्टवेअरमधून जातात आणि वेगळ्या दिसणाऱ्या बाजूला पडतात, रविवारी रात्री टाकलेली एंट्री, गोल आकडा, ज्या माणसानं एरवी एंट्री टाकायची नसते त्यानं टाकलेली. पण बाजूला पडलेल्यांचं काय करायचं ते माणसालाच बघावं लागतं. कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग चालू ठेवणं बंधनकारक आहे, म्हणजे कोणती एंट्री कुणी कधी बदलली याची नोंद पुसता येत नाही, आणि तो वर्षभर चालू होता का यावर ऑडिटरला रिपोर्टमध्ये लिहावं लागतं. टॅली येत असेल तर एडिट लॉग उघडून बघायला शीक, फ्रेशरला हे माहीत असेल तर छाप पडते.

आईचं_मत
माझी मुलगीही याच वाटेवर आहे म्हणून विचारते, मुलींना बाहेरगावी पाठवतात का? कारखान्यावर, रात्री वगैरे? आमच्याकडे याच्यावरून रोज वाद आहेत.

ओ_नमुना
पाठवतात. मी अक्कलकोट, करमाळा, सांगोला सगळीकडं गेलेय, बहुतेक वेळा सकाळी एसटीनं जायचं संध्याकाळी परत. मुक्काम असेल तर टीममध्ये दुसरी बाई असावी असं आधीच सांगायचं, आणि राहायची सोय ऑडिट ऑफिसनं करायची, क्लायंटच्या गेस्ट हाउसवर नाही. आणि इंटरव्ह्यूतच विचारायचं, प्रवास किती, लाजायचं नाही. अडचण सुरक्षेपेक्षा साधी असते हो, गोदामाच्या आवारात बायकांसाठी टॉयलेट नसतं. हे कुणी लिहीत नाही.

लेजर_काका
क्लायंटच्या गेस्ट हाउसवरून आठवलं. क्लायंटकडं जेवायचं की नाही?

थप्पी_नंबर_सात
काका हा विषय काढू नका, धागा २०० प्रतिसादांवर जाईल.

कडक_भाकरी
कारखान्याच्या कँटीनची आमटी-भाकरी म्हणजे पण लाच का आता?

लेजर_काका
आमटी नाही रे. जानेवारीत मंगळवेढ्याकडं शेतावर हुरड्याला बोलावतात, गाडी पाठवतात, येताना पाटीभर ज्वारी. दिवाळीला चादरी. आमचे साहेब चादर परत पाठवायचे, हुरड्याला मात्र जायचे. मी विचारलं तर म्हणाले, हुरडा तिथंच संपतो, चादर घरी अंथरायला लागते.

ओ_नमुना
मी चहा सोडून काही घेत नाही. गावात लगेच होतं, ‘ऑडिटरबाईंना जेवायला घातलंय’. त्या जेवणाचं व्हाउचर मग पाहुणचार खर्चात मलाच तपासायला येतं.

शेंगाचटणी_मारके
‘व्हाउचर पाहिले, बरोबर आढळले, मीठ कमी.’

पुण्यात_अडकलेला
😂 पण मोठ्या फर्ममध्ये हा गमतीचा विषय नाही हं. जॉइन होतानाच इंडिपेन्डन्सचं डिक्लरेशन भरून घेतात, तुझ्याकडे कुठल्या कंपनीचे शेअर आहेत, घरचं कुणी क्लायंटकडे कामाला आहे का. @सुताची_गुंडी बाबा ज्या कारखान्यात आहेत त्याचं नाव तिथं न लपवता लिहायचं. जॉबर आहेत, हिशोबाशी संबंध नाही, अडचण काही येणार नाही, फार तर त्या कामावर तुला टाकणार नाहीत. भेटवस्तूंचे पण नियम असतात, किरकोळ चहापाण्याला कुणी काही म्हणत नाही, त्यापुढचं विचारून.

क्लास_चालवतो
इतके वेळ वाचतोय. क्लासवाल्यांना सरसकट शिव्या घालणं सोपं आहे. मी ही अकाउंट्सचा क्लास घेतो (जाहिरात करत नाही, नाव सांगणार नाही). काही मुलांना घरी एकट्याने बसून पीडीएफ वाचणं जमत नाही, त्यांना कुणीतरी समोर बसून व्हाउचर दाखवावं लागतं. सगळेच लुटत नाहीत.

लेजर_काका
तुमचं म्हणणं मला मान्य आहे. मग तिनं क्लासवाल्यांना एकच विचारावं, खरी व्हाउचरं दाखवता की स्लाइड? खरी असतील तर जा. पण पंचवीस हजार तरी जास्तच.

क्लास_चालवतो
हो, पंचवीस जास्त आहेत. आणि ‘सर्टिफिकेट’ शब्दावर जाऊ नका, इंटरव्ह्यूत ते कुणी बघत नाही, हे मी स्वतः क्लासवाला असून सांगतो.

इंटर_दे_आधी
अजून एक फुकटचं सांगतो. सोलापुरात ऑफिस असलेल्या लिस्टेड कंपन्या आहेत, बालाजी अमाइन्स, प्रिसिजन कॅमशाफ्ट्स. त्यांचे वार्षिक अहवाल वेबसाइटवर मिळतात. आधी ऑडिटरचा रिपोर्ट वाच, त्यात ‘की ऑडिट मॅटर्स’ असतं, ऑडिटरला कुठला विषय सगळ्यात नाजूक वाटला आणि त्यावर त्यानं काय काय केलं. मग मागची कारो २०२० ची पुरवणी (ऑडिटरनं ठराविक मुद्द्यांवर लिहायचंच असा सरकारी आदेश), कलमं २१ आहेत. स्टॉकवालं कलम बघ, मोजणीत दहा टक्के किंवा जास्त फरक निघाला का, आणि बँकेकडून पाच कोटींच्या वर खेळतं भांडवल घेतलं असेल तर बँकेला दिलेली तिमाही स्टेटमेंटं पुस्तकांशी जुळतात का. इंटरव्ह्यूत ‘मी हा रिपोर्ट वाचला’ म्हणालीस तर पुढचे प्रश्न तुझ्या मैदानावर येतात.

आणि आयकर विचारला तर लक्षात ठेव, नवा आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे, जुन्या कायद्याची कलमं नंबरानिशी पाठ करून बसू नको, व्यवहार समजून सांग.

सुताची_गुंडी
बापरे, एवढे प्रतिसाद. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देत नाही, राग मानू नका. क्लास रद्द. बाबांना विचारलं, ते खूश झाले आणि रात्री जेवताना अर्धा तास बीमचं वजन, उरलेलं सूत आणि ‘सेकंड’ माल कसा वेगळा ठेवतात ते सांगत बसले, आई म्हणाली लग्नाला इतकी वर्षं झाली मला कधी नाही सांगितलं. शेजारच्या कापड दुकानदारांनी जीएसटीचं २बी (पोर्टलवर दिसणारी त्यांच्या खरेदीची यादी) आणि त्यांचं खरेदी रजिस्टर दिलंय एक्सेलमध्ये, ते जुळवतेय, ‘००१२’ आणि ‘१२’ वाला घोळ पहिल्याच पानावर भेटला.

पण @पुण्यात_अडकलेला दादा, कटऑफचं वाचलं तरी डोक्यात बसेना. एखादं उदाहरण द्याल का?

पुण्यात_अडकलेला
घे, सोलापुरीच देतो. चिंचोळी एमआयडीसीतला टॉवेलवाला. जर्मनीच्या गिऱ्हाईकाला माल, अट एफओबी न्हावा शेवा. बिल २९ मार्चचं, ट्रक ३० मार्चला गेटमधून बाहेर, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची पावती) ४ एप्रिलचं. १८ लाखांची विक्री मार्चमध्ये धरलीय. मालाची किंमत त्याला १४ लाख पडलीय. काय करशील? बाकीच्यांनी दोन तास गप्प बसायचं.

कडक_भाकरी
दोन तास? इथं कुणाला जमणार आहे.

सुताची_गुंडी
करून बघते. बिल आणि गेटपास दोन्ही मार्चचे, म्हणून आधी वाटलं बरोबर आहे. पण एफओबी म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंत जबाबदारी विकणाऱ्याची. जहाजावर चढला ४ एप्रिलला. म्हणजे ३१ मार्चला माल अजून आपलाच होता. विक्री एप्रिलची, १८ लाख मार्चच्या विक्रीतून आणि येण्यातून काढायला सांगेन. कागद कोणते बघेन: करार किंवा ऑर्डर, बिल, गेट रजिस्टर, बिल ऑफ लेडिंग.

लेजर_काका
वा! पण माल गेला कुठं? विक्रीतून काढलास, स्टॉकमध्ये घातलास का?

सुताची_गुंडी
अय्यो. हो की. ३१ तारखेला गोदामात मोजला तेव्हा तो तिथं नव्हता, ट्रकमध्ये नाहीतर बंदरावर होता, म्हणून मोजणीत आलाच नसणार. १४ लाख स्टॉकमध्ये वाढवायचे. म्हणजे नफा १८ नं नाही, ४ नं कमी होईल.

थप्पी_नंबर_सात
पोरगी पास!!

इंटर_दे_आधी
एक शेपूट राहिलं. बिल मार्चचं असल्यामुळे जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) मध्ये ते मार्चमध्येच गेलं असणार. म्हणजे पुस्तकातली विक्री आणि जीएसटीतली विक्री यात १८ लाखांचा फरक दिसेल. तो फरक चूक नाही, पण रिकन्सिलिएशनमध्ये लिहून ठेवावा लागतो. आणि आधीच्या-नंतरच्या आठवड्यातली बाकीची निर्यात बिलं पण तपासायची, एकात सापडलं की दुसऱ्यांत असतंच.

क्लास_चालवतो
हे उदाहरण मी उद्या वर्गात वापरू का?

पुण्यात_अडकलेला
वापरा की. २५ हजार घेऊ नका म्हणजे झालं.

ओ_नमुना
@सुताची_गुंडी आणि पुण्याचं नाही जमलं तर सात रस्त्याच्या सीएंना इतकंच विचार, व्हाउचरं आणि स्टॉकमोजणीला बाहेर नेणार का फक्त रिटर्न भरायला बसवणार? बाहेर नेणार असतील तर पगार कमी असला तरी एक सीझन काढ, नाहीतर माझ्याकडं ये, एप्रिलमध्ये माणूस लागतोच.

सुताची_गुंडी
ताई, नंबर मेसेजमध्ये पाठवते. बाकी तारीख आली!! पुढच्या गुरुवारी, सकाळी दहाला, खराडी. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं निघाले तर पोचेन का?

पुण्यात_अडकलेला
अजिबात नाही. हुतात्मा पुणे स्टेशनलाच साडेदहाच्या सुमारास टेकते, तिथून खराडी अजून लांब. बुधवारी ये. एसटीनं आलीस तर स्वारगेटपर्यंत जाऊ नको, हडपसरला उतर, तिथून खराडी जवळ. आणि मार्कशीटच्या झेरॉक्स दोन-दोन प्रती घे, एचआर एक हरवतेच.

कडक_भाकरी
येताना पुण्यातल्या पोरांसाठी शेंगाचटणी घेऊन जा. इंडिपेन्डन्स डिक्लरेशन भरायच्या आधी दिली तर चालते.